सम होती तिथंच

मारोतीभाऊ,

तुमच्या श्रद्धांजलीची पत्रिका हातात आली तेव्हा त्यात तुमचं नाव शोधायला मला चष्मा लावावा लागला. सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'संगीत विभागाच्या नूतनीकृत रियाज कक्षांचे उद्घाटन'. त्याखाली उद्घाटक, मग अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग आपले विभागप्रमुख विश्वंभर सर यांचं शास्त्रीय गायन. आणि पार तळाशी, चहापानाच्या जरा वर, 'तसेच विभागाचे माजी तबला साथीदार कै. मारोती यांना श्रद्धांजली'. पंचवीस वर्षं ज्या विभागात तुम्ही बोटं झिजवली त्यानं तुम्हाला एका 'तसेच'मध्ये उरकलं. वर 'कै.' लावलं. तुमच्या घरात माणूस गेला की 'कालकथित' लिहितात, हे इतक्या वर्षांत तिथल्या एकालाही कळून घ्यावंसं वाटलं नाही. मी पत्रिकेची घडी घातली आणि ठरवलं, जायचं. पेटीवर साथीला माझंच नाव होतं, त्यामुळे जाणं भागच होतं. पण मी ठरवलं ते वेगळ्या कारणानं.

गेलेल्या माणसाशी गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. तुम्ही गेलात त्याला महिना होत आला. या महिन्यात मी रडले किती आणि चिडले किती याचं माप घेतलं तर चिडण्याचं पारडं खाली जाईल. विश्वंभर सरांवर तर आहेच राग, पण तुमच्यावरही आहे. तुमच्यावरचा जास्त जुना आहे.

लोह्याजवळच्या तुमच्या गावी तुमच्यामागच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी आले होते. सर आले नाहीत. फोनवर म्हणाले, रस्ता फार खराब आहे हो तिकडचा. रस्ता मागच्याच वर्षी नवा झालाय, गाडीत कप भरून चहा ठेवला तरी सांडत नाही. तुमच्या बायकोनं मला विचारलं, "सर न्हाई आले?" मी म्हटलं, त्यांना बरं नाही. बघा, तुमच्या दारात उभी राहून मीही त्यांना सांभाळलंच. तुमची सवय मला लागलेली आहे.

त्या खोल्या तुम्हाला आठवतात तशाच मला आठवतात. आपला विभाग म्हणजे नांदेडच्या विद्यापीठाच्या जुन्या गोदामाचा मागचा भाग. रियाजाच्या तीन खोल्या, पण भिंती अर्ध्यातच थांबलेल्या. वर पत्र्यापर्यंत मोकळं. एकीकडे यमन, दुसरीकडे भैरव, तिसरीकडे तुमच्या पोरांचे तबल्यावरचे कायदे, आणि सगळ्याची मिळून वर पत्र्याखाली भाजी. उन्हाळ्यात पत्रा तापला की तबल्याच्या पुडीचं कातडं ताणून सूर इतका चढायचा की तुम्ही हातोडी घेऊन दिवसभर उतरवत बसायचात. आणि पावसाचे चार थेंब जरी पडले तरी वर्ग बंद, कारण पत्र्यापुढे कुणाचाच आवाज चालायचा नाही. त्यावर तुम्ही म्हणायचात, "ताई, सगळ्यात मोठा तबलजी वर बसलाय, त्याला पगार न्हाई म्हणून रोज येत न्हाई."

विद्यापीठानं एकदाचं कबूल केलं, पण अट घातली. निम्मे पैसे लोकांकडून आणा, निम्मे आम्ही देऊ. आणि हे कुठल्या वर्षी? लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं त्या वर्षी. विश्वंभर सरांनी जाड कागदावर विनंतीपत्रं छापून घेतली आणि ते नांदेडच्या नि लातूरच्या मोठ्या लोकांकडे गेले. लातूरला त्यांनी एक मैफलही केली. शिकवणीवर्गवाले, दवाखान्यावाले, सगळे आले. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. पैसे देतो म्हणाले बरेच. देणारे किती निघाले ते तुम्हाला माहीत आहे, आणि मला त्यावर शाई घालवायची नाही.

मग तुम्ही एक दिवस डबा खाताना म्हणालात, "ताई, माझ्या डोक्यात एक हाय. तुम्ही हसू नका."

दुष्काळामुळं गावोगावचे सप्ते अर्धवट झाले होते. भजन व्हायचं, कीर्तन व्हायचं, पण शेवटची पंगत रद्द. पाचशे माणसांना पाणी पाजायचं कुठून? पंगतीची वर्गणी तशीच पडून होती. आणि वस्त्यांवर भीमजयंतीची मिरवणूक साधी ठरली होती, तिथलेही पैसे शिल्लक होते. ज्यांचं खाणं नि नाचणं दुष्काळानं काढून घेतलं त्यांच्याकडे आपण गाण्याच्या खोल्यांसाठी मागायचं, असं तुमच्या डोक्यात होतं. मी हसले नाही. मला वाटलं, लोक मारतील.

कुणी मारलं नाही. आपण एसटीनं जायचो, तुमच्या मांडीवर तबल्याची पिशवी, माझ्या पायाशी पेटी. कंधारच्या बाजूला वस्तीवर तुम्ही तासभर ढोलकी वाजवलीत, भीमगीतं गाणाऱ्या त्या चौघी बायांना साथ केलीत, आणि मग साधं सांगितलंत. त्यातली एक बाई म्हणाली, "डीजेचे पैसे एका दिवसात उडतेत. खोली तरी ऱ्हाईल."

जळकोटला मात्र आपली चांगलीच वरात निघाली. तिकडं नव्या जिल्ह्याची मागणी पेटली होती. तहसीलसमोर मंडप टाकून लोक उपोषणाला बसलेले, आणि भजनी मंडळाचे गोविंदअप्पाही त्यांच्यातच. अप्पा आडवेच झाले. म्हणाले, "आमचा जिल्हा आज लातूर. उद्या कोणता होतो तेच ठरंना. अन् तुमच्या नांदेडातल्या खोल्यांला आम्ही काहून पैसे द्यावं? आमाला काय त्याचं?"

तुम्ही त्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "अप्पा, जिल्हा कोणता बी होऊ दे. दर ऐतवारी ती खोली तुमची. भजनी मंडळाची, गायनपार्टीची, ज्यानं दिलं त्या समद्यांची. यावं, बसावं, रियाज करावा. कुणी अडवणार न्हाई. ही माझी जबान."

अप्पा म्हणाले, "मारोतीराव, खेड्यातलाच माणूस म्हणून इस्वास ठेवून राहिलो बरं का."

त्या एका शब्दावर वीस-बावीस गावांनी दिलं. प्रत्येक ठिकाणी तुम्ही तेच बोललात. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस स्वतःच्या मालकीची नसलेली खोली वाटत सुटलाय. तसं मी परतीच्या गाडीत बोललेही. तुम्ही म्हणालात, सरांना सांगितलंय, ते हो म्हणाले. सर हो म्हणाले होते हे खरंच आहे. पैसे येईपर्यंत सर सगळ्याला हो म्हणतात.

पुढं काय झालं ते थोडक्यात लिहिते, नाहीतर माझाच रक्तदाब वाढेल. काम रखडत रखडत मागच्या दिवाळीला संपलं. भिंती वरपर्यंत गेल्या, छताला आतून जाड आच्छादन आलं, लाकडी जमीन आली. आत उभं राहून टिचकी वाजवली तरी बाहेर ऐकू जात नव्हती. तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी सर दुसऱ्या कुणाच्या तबल्यावर गायला तयार नसत म्हणून मैफलींना तुम्हालाच बोलावणं असायचं. तुम्ही एक दिवस खिडकीच्या काचेतून खोली बघितलीत. आत गेला नाहीत. म्हणालात, उद्घाटन होऊ दे, मग अप्पांना घेऊनच येतो.

आणि मग ती सूचना लागली. 'विभागाच्या विद्यार्थ्यांव्यतिरिक्त कुणासही रियाज कक्षात प्रवेश नाही.' खाली विश्वंभर सरांची सही. तुम्ही त्यांच्याकडे गेलात, मी बरोबर होते. सर म्हणाले, "मारोती, अहो लाकडी जमीन आहे. भजन्यांचे पाय, टाळ-मृदंग, तंबाखू. समजून घ्या. तिथं शास्त्रीय संगीत व्हायचंय." भजन्यांचे पैसे चालले, भजन्यांचे पाय चालले नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही माझ्याकडं बघून 'नको' अशी मान हलवलीत आणि "बरं सर" म्हणालात.

बरं सर! मारोतीभाऊ, त्या दोन शब्दांसाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही कंधारच्या स्टँडवर उतरेनासे झालात. लेकीकडं, सुजाताकडं जायचं तर एक थांबा आधी उतरून चालत जायचात, कारण स्टँडवर चहाच्या गाडीपाशी कुणीतरी विचारायचं, "ऐतवार कवा येणार हाय मास्तर?" हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, सुजातानं सांगितलं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात ती म्हणत होती, बाबा लोकांला तोंड दाखवून नाही राहिले. डॉक्टर म्हणतात हृदय. असेल. त्यांना तेवढंच दिसतं.

आता आपलं जुनं भांडण. तुम्ही समोर नाही म्हणून ते सुटलं असं समजू नका.

हे उद्या कुणी वाचलं तर त्यालाही कळावं म्हणून सोपं करून लिहिते. ताल गोल फिरतो. तिनतालात सोळा मात्रा. सोळा संपल्या की परत पहिली. त्या पहिलीला सम म्हणतात. गाणारा कुठंही भटकून येवो, समेवर त्यानं तबल्याला येऊन भेटायचं. विश्वंभर सरांना भेटता येत नसे. गळा गोड, तान सुरेख, पण परतताना त्यांना घाई व्हायची आणि ते दोन मात्रा आधीच येऊन टेकायचे. एकदा दोनदा नाही. दर वेळी. आणि तुम्ही दर वेळी त्या दोन मात्रा गिळायचात. ठेका असा काही वळवायचात की जिथं ते उतरतील तिथंच तुमचा समेचा 'धा' पडायचा. सर डोळे मिटून मान झुकवायचे, लोक वाहवा म्हणायचे. समोर बसलेल्यांतल्या काहींना कळत असणारच. पण परीक्षेचे गुण ज्याच्या हातात त्याची सम कोण मोजतो? आणि मी तुमच्या शेजारी पेटीवर; मीही बंदिशीचा मुखडा तिथंच उचलायचे, म्हणजे या लपवाछपवीत माझाही हात होताच.

सगळ्यात मोठी गंमत, सरांना स्वतःला हे माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं त्यांना वाटत राहिलं की आपली लय पक्की आहे. परीक्षेत पोरांना लयीवरून नापास करायचे! 'तालाचा पाया कच्चा आहे' असा शेरा लिहायचे. मी कितीदा म्हटलं तुम्हाला, एकदा, फक्त एकदा सरळ वाजवा. ज्या दिवशी त्यांनी तुम्हाला कायम करायच्या कागदावर 'विचाराधीन' लिहिलं त्या दिवशी म्हटलं. सुजातानं विभागात प्रवेशाचा अर्ज केला आणि सरांनी तो 'मुलींना तबला शोभत नाही' म्हणून हसून परत दिला त्या दिवशी म्हटलं. सूचना लागली त्या दिवशी तर हात जोडून म्हटलं.

आणि तुमचं ठरलेलं उत्तर. "ताई, गाणाऱ्याला पाडायला तबला न्हाई ठेवलेला. सावरायला ठेवलाय."

ऐकायला किती छान वाटतं. विद्यार्थ्यांना सांगायला तर फारच छान. पण त्या सावरण्यावर तो माणूस खुर्चीत बसून राहिला, भाऊ. त्याला कधी धडपडूच दिलं नाहीत तुम्ही. पडला असता तर कदाचित शिकला असता, निदान जरा वाकून चालला असता. तुमच्या दयेनं त्याचं नुकसान झालं, आणि त्याच्या हातून तुमचं, आणि तुमच्या हातून वीस गावांचं. यावर तुम्ही नुसते हसायचात आणि पुडीवर पावडर लावायचात. तुम्ही चांगले होतात हे मी कुठं नाकारते? माझ्या मुलाच्या आजारपणात माझे तास कोण सांभाळत होतं, पेटीचा भाता फाटला तेव्हा लोह्याहून कारागीर कुणी आणला, ते मी विसरलेले नाही. तुमच्यासारखा शेजारी बसायला मिळाला म्हणूनच त्या नोकरीत मी टिकले. म्हणून तर जास्त चीड येते.

तर पत्रिका आली. पाठोपाठ सरांचा फोन. "श्रद्धांजली म्हणून मारोतीच्या मुलीनंच तबला साथ करावी असं मनात आहे. बापाची जागा मुलगी घेते, पेपरला बातमी चांगली येईल." ज्या पोरीचा अर्ज हसून परत दिला तिलाच आता फोटोसाठी हवं होतं. मी म्हटलं, हो सर, मी तिला सांगते.

मला सूड हवा होता. तो शब्द लिहायला मला लाज वाटत नाही. तुमची जुनी वही मी सुजाताकडून मागवून घेतली, ज्यात तुम्ही गावागावच्या माणसांची नावं नि नंबर लिहिले होते. एकेकाला फोन केला. गोविंदअप्पांना केला, कंधारच्या त्या चौघींना केला. मारोतीरावांचा कार्यक्रम आहे, एवढंच सांगितलं. या म्हटलं, टाळ घेऊन या.

आदल्या दिवशी दुपारी सुजाता माझ्याकडं आली. दोघींनी यमनची ती बंदिश दोनदा घेतली. तिचा हात ऐकताना मला मान वर करून बघावंसं वाटेना. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली ती घीस थेट तुमची. मग तिनं हात थांबवले आणि विचारलं, "मावशी, सरांसंगं वाजवताना काही सांभाळायचं हाय का? बाबा कधी काही बोलले व्हते का तुम्हाला?"

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं.

मी भाता बंद केला आणि म्हटलं, "काही नाही. सरळ वाजव."

कार्यक्रमाला मधली सरकती भिंत बाजूला करून दोन खोल्यांचा एक हॉल केला होता. पुढं सोफ्यावर पाहुणे. मागं सतरंजीवर जळकोटचे, कंधारचे, लोह्याचे लोक, दोन टेम्पो भरून आलेले. सरांनी त्यांना बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? दगडी फलकावरचा पडदा सरकला. 'संकल्पना' म्हणून विश्वंभर सरांचं नाव, देणगीदार म्हणून एका शिकवणीवाल्याचं. तुमचं नव्हतं, गावांचं तर नव्हतंच. सर बोलले तेव्हा म्हणाले, "या खोल्यांसाठी मी रक्ताचं पाणी केलं." मग तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. दोन मिनिटंही पुरी केली नाहीत. तिथंही आधीच टेकले.

गाणं सुरू झालं. आलाप चांगला झाला, ते कबूल करते. मग तिनताल सुरू झाला. पहिली तान घेऊन सर आले, डोळे मिटून मान झुकवली, आणि 'धा' आलाच नाही. तो आला दोन मात्रांनंतर, जिथं यायला हवा तिथं. सरांनी डोळे उघडले. दुसरी तान. परत मान आधी, धा नंतर. पुढच्या रांगेत कुणीतरी हातातली पत्रिका खाली ठेवली. तिसऱ्या वेळी सरांचा आवाज मध्येच अडकला, आणि मला, तुमची शपथ, इतका आनंद झाला की मी पेटीवरचा सूर जरा जोरातच दाबला. पंचवीस वर्षं वाट बघितली होती मी त्या घसरण्याची.

पण सर सर आहेत. त्यांनी माईक हातात घेतला आणि अगदी मायेनं म्हणाले, "मंडळी, मुलगी दुःखात आहे. हात थरथरतोय तिचा. बापाची सर काय एका दिवसात येते? आपण समजून घेऊ या."

पुढच्या रांगेतून च्च् च्च् आलं. एका बाईनं पदरानं डोळे टिपले.

मला सर पडायला हवे होते. पडताना ते कुणाला धरून पाडतील याचा विचारच मी केला नव्हता. तुमच्या पोरीला, तुमच्या श्रद्धांजलीत, तुमच्या लोकांपुढं, मी आणून बसवलं होतं. दगड मी मारला होता आणि लागला तिला.

मी माईक ओढला. सेवेचं माझं शेवटचं वर्ष आहे, निवृत्तीच्या कागदांवर सरांची सही लागणार आहे, हे सगळं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "मुलगी बरोबर आहे. सम तिनं ठेवली तिथंच आहे. सर दोन मात्रा आधी येतात. पंचवीस वर्षं येतात. मारोतीभाऊ सांभाळून घेत होते आणि मी शेजारी बसून बघत होते."

सर म्हणाले, "बाई, तुमची तब्येत बरी नाही." तेव्हा सुजातानं तबल्यावरचा हात न उचलता म्हटलं, "सर, पुन्हा घ्या की. मंडळी जरा टाळी धरतील."

मागून गोविंदअप्पांचा आवाज आला, "धरा रे."

भजन्यांना सम शिकवावी लागत नाही, भाऊ. जन्मभर टाळ कुटलेली ती माणसं. शंभरेक हातांनी टाळी धरली, समेला जोरात, मध्ये हलकी. लाकडी जमीन हलायला लागली. सरांना गावं लागलं. न गाऊन सांगणार कुणाला? त्यांनी तान घेतली, लहान घेतली, जपून घेतली, आणि तरीही आले दोन मात्रा आधी. त्यांची मान झुकली तेव्हा हॉलमध्ये नुसती हलकी टाळी चालू होती. मग सगळ्या हॉलची सम पडली, धाडकन, त्यांच्यावाचून. पाठीमागून एक म्हातारी कुणाला तरी म्हणाली, "ह्यो तर चुकून राहिला." हातच्या काकणाला आरसा कशाला?

सर घशाला हात लावून उठले. पाणी मागितलं, पाणी न पिताच गेले. पाहुणेही त्यांच्या मागं. अप्पा उठून तिसऱ्या खोलीच्या दाराशी गेले आणि शिपायाला म्हणाले, "उघड. आज ऐतवार हाय. मारोतीरावानं जबान दिली व्हती." शिपायानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मधली भिंतही परत जागेवर सरकवली. त्या दिवशी तिन्ही खोल्यांत संध्याकाळपर्यंत माणसं बसली होती. एकीत जळकोटचं भजन, एकीत कंधारच्या बायका, एकीत लोह्याचे लोक, आणि भिंतींमुळं एकाचं दुसऱ्यात मिसळत नव्हतं. लोकांनी तुमच्या खोल्या छान बांधल्यात. त्यानंतरचे दोन रविवारही ते आले. सर रजेवर आहेत, सूचना अजून भिंतीवर आहे, आणि माझ्या कागदांवरची सही अडली आहे. अडू दे.

कार्यक्रमाच्याच संध्याकाळी सुजाताला कंधारच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले होते. मला माफी मागायची होती. त्याआधी तीच म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत व्हतं ना सरांचं? काल मी विचारलं तवा?"

"हाव," मी म्हटलं. तुमची बोली तोंडात आली. "मी तुला सांगायला पाहिजे होतं."

"मलाबी माहीत व्हतं."

ती गाडीची पाटी बघत पुढं बोलली.

"बाबानं लहानपणीच शिकवलं व्हतं. म्हणायचे, कधी माझ्या जागी बसायची पाळी आली तर सरांला असं सांभाळ. दोन मात्रा कशा गिळायच्या, कुणाला कळू न देता. कितीदा तरी करून घेतलं माझ्याकडनं."

"मग मला विचारलंस कशाला?"

तिनं तबल्याची पिशवी खांद्यावर घेतली. "तुम्ही सांभाळ म्हणाल्या असत्या तर सांभाळलं असतं. बाबानंतर विचारावं असं दुसरं हाय कोण मला?"

गाडी लागली. ती चढली, खिडकीतून हात केला आणि गेली.

मारोतीभाऊ, तुम्ही तुमच्या लेकीला वर्षानुवर्षं घोटून शिकवलेला धडा मी दोन शब्दांत पुसला. ती तुमच्यासारखी होणार होती आणि मी तिला होऊ दिलं नाही. मला पश्चात्ताप करायचाय की नाही तेही मला ठरवता येत नाही. सरांची ती झुकलेली मान आठवली की अजून बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून झोप येत नाही. तुम्ही कुठं असाल तिथं रागावला असाल तर रागवा. जन्मात कुणावर रागावला नाहीत, तेवढं तरी माझ्यावर रागवा.